आडातले पाणी आणि नळाची धार

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी आड आणि पोहरा यांच्यामध्ये एका दोराखेरीज दुसरे काही नव्हते. पोहरा रिकामा वर आला, की आड आटला असे निःशंकपणे समजावे. आज घरच्या विंधण विहिरीच्या आणि स्वयंपाकघरातील नळाच्या दरम्यान पंप, मोटर, विजेची तार, लांबच लांब पाइप, दोनचार व्हॉल्व्ह आणि गच्चीवरची टाकी एवढा परिवार उभा आहे. यांपैकी कोणीही एक रुसला, की नळाची धार बारीक होते. आडात आहे पण पोहऱ्यात नाही, असा उलटा प्रकार त्यामुळे आता नित्य घडतो.

मनुष्याचे मन मात्र अजून जुन्या म्हणीप्रमाणेच चालते. धार मंदावली, की पाणी संपले असा निष्कर्ष निघतो. पाणाड्याला बोलावणे जाते. त्याने तळहातावर नारळ धरून दाखविलेल्या जागी बोअर घेणारी गाडी उभी राहते, आणि मुलीच्या लग्नासाठी वा मुलाच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेली रक्कम जमिनीत जाते. दोष कित्येकदा एखाद्या झिजलेल्या वॉशरचा असतो. उलटपक्षी, पाणी खरोखरच खाली गेले असता नवा पंप बसविणाऱ्याचा खर्चही तितकाच वाया जातो. यास्तव या शोधाला क्रम हवा. आणि तो क्रम नळाकडून विहिरीकडे, स्वस्ताकडून महागाकडे असावा.

प्रथम दाब म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. पाण्याच्या दहा मीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. गच्चीवरील टाकीतले पाणी नळापेक्षा तीनच मीटर उंच असेल, तर नळाशी दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी मिळणार, मग विहीर कितीही भरलेली असो. म्हणून टाकी भरलेली असताना सर्वच नळ मंद आहेत, की एकच, हे आधी पाहावे. एकच मंद असेल, तर त्याच्या तोंडाची जाळी क्षारांनी वा मातीने बुजली आहे. सर्वच मंद असतील, तर टाकीचा निर्गम व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे, पाइपांत हवा अडकली आहे, किंवा जुन्या लोखंडी पाइपात गंजाचे थर बसले आहेत. हे थर क्षुल्लक नसतात. पाइपाचा आतील व्यास निम्मा झाला, तर तेवढेच पाणी वाहून नेताना घर्षणात खर्ची पडणारा दाब सुमारे बत्तीस पट होतो.

टाकीच वेळेवर भरत नसेल, तर विहिरीच्या तोंडाशी जावे. येथे दोन साधने पुरतात : एक वीस लिटरची बादली आणि एक घड्याळ. पंप सुरू करून बादली भरण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. दहा मिनिटांनी पुन्हा मोजावे, अर्ध्या तासाने पुन्हा. चाळीस सेकंदांत बादली भरली, तर मिनिटाला तीस लिटर पाणी येते, हा हिशेब शाळेतील मुलासही करता येईल. या मोजणीत आजाराची दोन रूपे स्पष्टपणे वेगळी दिसतात. धार पहिल्यापासूनच बारीक असून शेवटपर्यंत तशीच राहत असेल, तर संशय यंत्रावर घ्यावा. धार आरंभी जोमदार, मग हळूहळू क्षीण, शेवटी हवेचे फुत्कार आणि गढूळ पाणी. पंपास काही तास विसावा दिला की पुन्हा आरंभीचा जोम, असे होत असेल, तर संशय भूमीवर घ्यावा.

यंत्राच्या दोषांत पहिला विजेचा. व्होल्टेज उतरले की मोटर मंदावते, पाणी कमी येते, आणि वेटोळे तापून जळण्याची भीती राहते. एकफेजी मोटरचा कपॅसिटर दुबळा झाला, तर ती नुसती घुमते. तीनफेजी मोटरच्या तारांपैकी दोन तारांची अदलाबदल झाली, तर ती उलटी फिरते. आवाज नेहमीसारखा येतो, पाणी मात्र जेमतेम चढते. वायरमनने घाईत केलेली जोडणी हे अशा वेळी पहिले तपासण्याचे स्थळ होय. दुसरा दोष गळतीचा. पंप चालू असताना बोअरच्या तोंडाशी कान दिला आणि आत पाण्याचा शिडकावा ऐकू आला, तर उभ्या पाइपाचा सांधा फुटला आहे. पंप थांबताच पाइपातले पाणी खाली परतत असेल, आणि पुढच्या खेपेस धार येण्यास विलंब लागत असेल, तर पाण्यास परत फिरू न देणारा व्हॉल्व्ह निकामी झाला आहे. तिसरा दोष झिजेचा : वाळूमिश्रित पाण्याने पंपातील पंखे झिजतात आणि पाणी दरवर्षी थोडे थोडे कमी होत जाते.

जुन्या आडावर पंप काठावर ठेवलेला असतो, तेथे आणखी एक मर्यादा आड येते. काठावरचा पंप पाणी ओढत नाही. तो नळीतील हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा भार पाण्यास वर ढकलतो. पाणी सुमारे दहा मीटरपलीकडे असे चढत नाही, हे गॅलिलिओने १६३८ साली ग्रंथात नमूद केले, आणि हवेस वजन आहे म्हणून असे घडते, हे टॉरिचेलीने १६४४ साली पाऱ्याच्या नळीने उलगडले. व्यवहारात ही मर्यादा सहा-सात मीटरच असते. वैशाखात आडाचे पाणी त्याखाली गेले, तर नव्या पंपासही ते चढविता येणार नाही. पंप तरी खाली उतरवावा, नाहीतर पाण्यात बुडून चालणारा सबमर्सिबल बसवावा. गच्चीवर टाकी नसून हवेच्या उशीची दाबटाकी असेल, तर प्रकार निराळा. नळ उघडताच दाब एकदम पडतो आणि पंप क्षणाक्षणाला चालूबंद होतो, असे दिसले म्हणजे त्या टाकीतील हवा कमी झाली आहे अथवा आतील रबरी पिशवी फाटली आहे.

यंत्र निर्दोष ठरले, तरच भूमीकडे वळावे. पंप चालू झाला की विहिरीतली पातळी खचते, आणि खडकातून येणारा पाझर ती भरून काढू पाहतो. उपसा पाझराहून अधिक झाला, की पातळी पंपापर्यंत उतरते. पातळी वीस मीटरांवरून चाळीस मीटरांवर गेली, तर तोच पंप अधिक उंची चढविताना कमी पाणी देतो, हेही विसरू नये.

या पाझराचा स्वभाव प्रांतोप्रांती वेगळा आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग, आणि मराठी कुटुंबे जेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली ते माळव्यातील इंदूर-देवास, ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची भूमी होय. तिच्यात पाणी मुख्यत्वे वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत असते; सलग पाषाणात ते नसते. म्हणून खोल गेल्याने पाणी वाढेलच असे नाही. कित्येकदा केवळ धूळ वर येते. बेंगळुरूच्या ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकातही भेग लाभली तर पाणी, असाच प्रकार. तंजावरचा कावेरीचा गाळ किंवा दिल्लीतील यमुनाकाठ येथे वाळूत पाणी असते. पण पाइपाची जाळी बारीक रेतीने वा क्षारांनी बुजते, आणि पाणी जवळ असून आत येत नाही. तेथे बोअर साफ करणे हाच उपाय. कोकण-गोव्याच्या जांभ्यातील विहीर श्रावणात तुडुंब भरते आणि उन्हाळ्यात तितक्याच लगबगीने उतरते.

पाझर मंद असेल, तर लहान पंप बसवून थोडा थोडा उपसा करावा, पाणी टाकीत साठवावे. मोठा पंप तीच विहीर अधिक वेगाने रिकामी करतो, एवढेच. पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडणे, हा दूरवरचा उपाय. शंभर चौरस मीटर छपरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी पडते. पहिल्या पावसाचे मळके पाणी तेवढे वगळावे. शेजाऱ्याची आणि आपली विहीर एकाच भेगेवर असू शकते; तो खोल गेला म्हणून आपण अधिक खोल जाणे, ही स्पर्धा दोघांनाही कोरडे ठेवते.

शोधाच्या भरात जीव धोक्यात घालू नये. विजेचा मुख्य खटका बंद केल्याशिवाय पंपास हात लावू नये. जुन्या आडात दूषित वायू साठतो, तेव्हा तपासणी केल्याविना कोणास उतरवू नये. निरुपयोगी बोअर उघडे सोडणे तर अपराधच होय. अशा बोअरांत बालके पडू लागल्यामुळे २०१० साली सर्वोच्च न्यायालयास ती बुजविण्याविषयी निर्देश द्यावे लागले.

१९७० साली स्थापन झालेले केंद्रीय भूजल मंडळ देशभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. घरच्या विहिरीसाठीही तेवढे करणे अवघड नाही. पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी, वजन बांधलेली दोरी सोडून पाणी किती खोल आहे ते पाहावे. बादली भरण्यास लागणारा वेळ घ्यावा. आणि दोन्ही आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवावेत. विंधण विहिरीत दोरी पंपाच्या तारेत अडकते, म्हणून मोजणीसाठी आत एक वेगळी बारीक नळी सोडून घ्यावी. पातळी गेल्या वर्षाइतकीच आहे आणि धार मात्र निम्मी, असे वही सांगेल तेव्हा पंप पाहावा. पातळीच उतरली असेल, तेव्हा उपसा आवरावा. नवे बोअर घ्यावे की नाही, हा प्रश्न या वहीतील आकडे पाहिल्यानंतरचा आहे.