पाळीची तारीख कोणाकोणाला ठाऊक?

सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘शेवटची पाळी कधी आली?’ पूर्वी उत्तराला वेळ लागे. ‘गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘संकष्टीच्या आधी’ असा हिशेब चाले, नाहीतर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी केलेली पेनाची बारीक खूण आठवावी लागे. आता पर्समधून मोबाइल निघतो आणि सहा महिन्यांच्या तारखा समोर येतात. डॉक्टरांची यात सोयच होते. बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात. पीसीओएसच्या तक्रारीत तर पाळी किती दिवसांच्या अंतराने येते हे कळल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

ओपीडीत सांगितलेली तारीख केसपेपरवर लिहिली जाते आणि ती तिथेच राहावी, अशी अपेक्षा असते. गर्भपाताच्या बाबतीत तर कायदाच पहारा देतो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखालील नियमांनुसार बाईचे संमतिपत्र पाकिटात बंद करून ठेवायचे असते, नोंदवही गोपनीय असते आणि इतर कागदांवर नावाऐवजी क्रमांक घालायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही तिचे नाव सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हीच तारीख मोबाइलला सांगितली तर?

‘फ्लो’ हे पाळीची नोंद ठेवणारे ॲप दहा कोटींहून अधिक जणींनी वापरलेले आहे. माहिती खासगी राहील, असे कंपनी सांगत होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दाखवून दिले की, पाळी सुरू झाल्याची किंवा गर्भधारणेची इच्छा असल्याची नोंद केली की ती बातमी फेसबुकपर्यंत जाते. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीविरुद्ध तक्रार मांडली. तिच्यात गुगलसह आणखी काही कंपन्यांचीही नावे होती. शेवटी तडजोड झाली. यापुढे परवानगी घेऊनच माहिती द्यायची, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायची, असे ठरले. चूक कंपनीने मान्य केली नाही आणि दंडही झाला नाही.

यात कोणी फाइल चोरली नव्हती. ॲप बनवणारे बहुतेक जण वापराची मोजदाद करण्यासाठी मोठ्या कंपन्यांचे तयार सॉफ्टवेअर आपल्या ॲपमध्ये बसवतात. कोणते बटण किती वेळा दाबले, हे त्यातून कळते. फ्लोमध्ये या बटणांची नावेच बोलकी होती. ‘गर्भारपणाचा आठवडा निवडला’ अशा अर्थाचे नाव आणि सोबत त्या फोनचा जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक, एवढे गेले तरी पुरते. बाईचे नाव पाठवायची गरजच उरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील ज्युरीने याच प्रकरणात फेसबुकच्या ‘मेटा’ कंपनीला दोषी धरले; गुगल आणि फ्लो यांनी त्याआधीच तडजोड केली होती.

अमेरिकेत रुग्णालयांना आणि विमा कंपन्यांना रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे कायदेशीर बंधन आहे, पण अशी बहुतेक ॲप्स त्या कायद्यात बसत नाहीत. २४ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा अनेक जणींनी घाईघाईने ही ॲप्स काढून टाकली. चुकलेली पाळी उद्या पुरावा ठरेल, ही ती भीती. नेब्रास्कातल्या गाजलेल्या खटल्यात मात्र पोलिसांनी मिळवले ते मायलेकींचे फेसबुकवरील खासगी संदेश. पाळीच्या ॲपचा तिथे संबंध नव्हता.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. मात्र आरोग्याच्या माहितीसाठी त्यात वेगळा, अधिक कडक वर्ग नाही. पाळीची तारीख आणि पिझ्झाची ऑर्डर कायद्याच्या लेखी एकाच रांगेत! अठरा वर्षांखालील मुलींच्या वापरावर पाळत ठेवायला आणि त्यावरून जाहिराती दाखवायला हा कायदा बंदी घालतो, हे चांगले आहे. पण पालकांची संमतीही मागतो. नववीतली मुलगी पाळीच्या ॲपसाठी वडिलांची परवानगी मागेल की जन्मसाल बदलून टाकेल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

तारखा लिहिणे सोडू नये. डॉक्टरांना त्या हव्याच असतात. ॲप हवेच असेल, तर नोंदी फोनमध्येच ठेवणारे आणि खाते उघडायला न लावणारे निवडावे. ‘ड्रिप’ त्यांपैकी एक. लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागणाऱ्या ॲपला ती नाकारावी. पाळीचा हिशेब करायला दोन्ही लागत नाहीत. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲड्स’ या भागात जाहिरातींचा ओळखक्रमांक डिलीट करता येतो. आयफोनवर ‘ट्रॅक करू नये’ हा पर्याय मिळतो. मात्र कंपनीच्या सर्व्हरवर आधीच गेलेल्या नोंदी यामुळे पुसल्या जात नाहीत. फोनवरून ॲप काढून टाकले तरी त्या तिथेच राहतात. म्हणून आधी ॲपमध्ये जाऊन खाते आणि त्यातली माहिती डिलीट करण्याची विनंती करावी, ती मान्य झाल्याचा मेल येईपर्यंत थांबावे आणि मग ॲप काढावे.