पित्त उठलं म्हणून आमसूल लावत बसू नका

कोळंबीचं कालवण खाल्लं आणि दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या. घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा." बऱ्याचदा गांधी तासा-दोन तासांत बसतात आणि आपण विसरतो. खरं तर या गांधींचा पित्ताशी संबंध नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा कोळंबीला शत्रू समजून उठते, ती ही अ‍ॅलर्जी. पुढच्या वेळी ती गांधींवरच थांबेल याची खात्री नसते.

गांधींबरोबर आवाज घोगरा झाला, ओठ-जीभ सुजली, खोकला थांबेना, दम लागला, वारंवार उलट्या झाल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर जिवाला धोका आहे. कधी कधी गांधी न उठताही हे होतं. दम्याच्या रुग्णाला धोका जास्त.

यावर औषध एकच : अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, बंद होत चाललेला श्वास मोकळा होत नाही. कोरोनाच्या लशीनंतर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवत, ते अशी रिअ‍ॅक्शन आली तर लगेच हे इंजेक्शन देता यावं म्हणून.

तेव्हा १०८ ला फोन करा. डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, यांपैकी जवळचं गाठा. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर आधी तिथे थांबा. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. उभं करू नका, चालवू नका. आपल्याकडे रुग्णाला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेतात. या आजारात रक्तदाब घसरलेला असतो, त्यामुळे ते घातक ठरू शकतं. रिक्षा किंवा जीप शोधा. डॉक्टरांना काय खाल्लं आणि किती वाजता, एवढं आधी सांगा. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच राहा, त्रास उलटतो.

एक फरक लक्षात ठेवा. उन्हात राहिलेला बांगडा किंवा कुपा खाऊन घरातल्या सगळ्यांचीच तोंडं लाल झाली, डोकी ठणकली, तर ती बहुधा अ‍ॅलर्जी नव्हे, शिळ्या माशातली विषबाधा. ती शिजवूनही जात नाही. दवाखान्यात मात्र तेव्हाही जायचंच.

ज्याला कोळंबीची अ‍ॅलर्जी त्याला सोडे, जवळा, करंदी आणि चिंबोरीही बाधू शकते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा घराघरांत सुकट भाजली जाते. काहींना त्या वाफेनेही दम लागतो. त्याच तव्यावर, त्याच तेलात त्याचं जेवण करू नका. विहारातल्या भोजनदानात शेंगदाण्याचा कूट कोणत्या भाजीत आहे हे वाढणाऱ्याने आधीच सांगावं. यात लाजण्यासारखं काय आहे? पाकिटावर "शेंगदाणे असू शकतात" असं छापलेलं असेल तर ते गंभीरपणे घ्या.

पण भीतीपोटी लेकरांचं खाणं तोडू नका. आपल्या तालुक्यांत कुपोषण आहे. अंडं आणि सुकी मासळी हे स्वस्त, ताकदीचं अन्न आहे. एकाला अंडं बाधतं म्हणून भावंडांचं बंद करण्याचं कारण नाही. ज्याला बाधतं त्याच्याबद्दल अंगणवाडी सेविकेला सांगा, त्याला अंड्याऐवजी केळं मिळू शकतं. अंड्या-दुधाची अ‍ॅलर्जी बऱ्याच मुलांची मोठेपणी जाते. शेंगदाण्याची आणि कोळंबीची सहसा जात नाही. गेली की नाही, हे घरी चाखवून पाहू नका, डॉक्टरांसमोरच पाहायचं.

आई-वडील उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत पहाटे निघतात, मूल आजीजवळ असतं. आजीला, शाळेतल्या बाईंना आणि शेजारणीला हे सांगून ठेवा. एका कागदावर मुलाचं नाव, काय बाधतं आणि फोन नंबर लिहून तो दप्तरात ठेवा.