अपंगांच्या व वृद्धांच्या संस्था : घटना कळवण्याचे बंधन

यंत्राने कामगाराचा हात कापला तर ती गोष्ट झाकता येत नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने ८८ व्या कलमात मालकावर बंधन घातले की, अपघातात माणूस दगावला किंवा ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर तशी सूचना सरकारी अधिकाऱ्याला दिलीच पाहिजे. यावर मालकांनी युक्ती काढली. एका कारखान्यात मी संघटनेचे काम करीत असताना जखमी माणसाला दुसऱ्याच दिवशी गाडीत घालून आणीत आणि फाटकापाशी स्टुलावर बसवीत. हजेरी लागली, अपघात वहीत आलाच नाही!

तरीही कारखान्यातला कामगार बोलू शकतो आणि त्याच्या पाठीशी चार माणसे असतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचे काय? ज्याला वाचा नाही अशा अपंग मुलाचे काय? त्याच्यावर हात उगारला गेला तर पाहणारा कोण असतो? उगारणारा स्वतः, नाहीतर त्याच्याच पाळीतला सोबती. जखमी माणूस तक्रार करील, मग आपण चौकशी करू, हा जगरहाटीचा नियम येथे लंगडा पडतो. म्हणून कळवण्याचे ओझे संस्था चालवणाऱ्याच्या शिरावर टाकावे लागते. हे कसे करतात ते ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून चांगले कळते.

त्या देशात ॲडलेड शहराजवळ ओकडेन येथे मानसिक आजार असलेल्या वृद्धांसाठी सरकारी संस्था होती. २०१६ साली तपासनीसांनी तिला ४४ पैकी ४४ निकषांत उत्तीर्ण केले. पुढे एका रहिवाशाच्या घरच्यांनी तक्रार लावून धरली, २०१७ साली राज्याच्या मुख्य मनोविकारतज्ज्ञांचा अहवाल आला, आणि माणसांना बांधून ठेवणे, मारहाण, हेळसांड असे सारे बाहेर पडले. संस्था त्याच वर्षी बंद झाली. कागद स्वच्छ होते, खोल्या नव्हत्या. पुढे शाही चौकशी आयोग बसला व त्याचा शेवटचा अहवाल २०२१ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला.

कायदा त्यापूर्वी नव्हता असे नाही. २००७ पासून वृद्धांवरील हल्ले कळवणे सक्तीचेच होते. पण त्यात एक भोक होते. मारणारा दुसरा रहिवासी असेल, आणि त्याची बुद्धी आजाराने मंदावलेली असेल, तर काही अटींवर हल्ला कळवला नाही तरी चाले. मारणाऱ्याला समज नाही म्हणून मार खाणाऱ्याचे हाड कमी मोडते काय? १ एप्रिल २०२१ पासून नवी योजना आली आणि हे भोक बुजले. आता आठ प्रकारच्या घटना कळवाव्या लागतात : अवाजवी बळाचा वापर, लैंगिक गैरवर्तन, मानसिक छळ, अनपेक्षित मृत्यू, नोकरांकडून चोरी वा पैशांसाठी दडपण, हेळसांड, गैररीतीने बांधून वा औषधाने गुंगवून ठेवणे, आणि रहिवासी बेपत्ता होणे. इजेवर उपचार लागले, पोलिसांत जाण्याजोगे काही घडले, किंवा लैंगिक गुन्हा, अनपेक्षित मृत्यू अथवा बेपत्ता होणे असे काही असले, तर संस्थेला ते समजल्यापासून २४ तासांत कळवायचे. बाकीच्यांना ३० दिवस. १ डिसेंबर २०२२ पासून घरी जाऊन सेवा देणाऱ्यांनाही हे लागू झाले. अपंगांच्या सेवांसाठी २०१८ पासून वेगळा आयोग आहे. तेथेही मृत्यू, गंभीर इजा, छळ या गोष्टी २४ तासांत कळवाव्या लागतात. परवानगीवाचून बांधून ठेवल्याची घटना, त्यातून इजा झाली नसेल तर, कामाच्या पाच दिवसांत.

आता आमच्या पोटातली शंका सांगतो. अशी वही निघाली की तिच्यात पहिले नाव रात्रपाळीच्या आयाचे चढते. चाळीस खाटांना एकच बाई ठेवली, दोघी म्हाताऱ्या एकाच वेळी पडल्या, तर हेळसांड कोणाची? त्या बाईची, की जिने तिच्या जोडीला दुसरी दिली नाही त्या संस्थेची? ऑस्ट्रेलियात या सेवेत भारतातून गेलेल्याही पुष्कळ मुली आहेत. परक्या देशात, नोकरीच्या धास्तीत, त्यांनी मुकादमाविरुद्ध लिहावे ही अपेक्षा सोपी नाही. म्हणून तेथे दोन गोष्टी जोडीने आल्या, आणि माझ्या मते वहीइतक्याच त्या मोलाच्या आहेत. एक, माहिती देणाऱ्या नोकराला कायद्याचे संरक्षण. दुसरी, माणसांचे प्रमाण : निवासी संस्थांत दर रहिवाशामागे दिवसाला सरासरी २०० मिनिटे शुश्रूषा ऑक्टोबर २०२३ पासून सक्तीची झाली, आणि वर्षभराने ती २१५ मिनिटांवर नेली, त्यातली ४४ मिनिटे नोंदणीकृत परिचारिकेची. शिवाय घटना कळवली की काम संपले असे नाही. ती का घडली आणि पुढे काय बदलले, हेही संस्थेला दाखवावे लागते.

आपल्याकडे काय आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे अपंगाच्या छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतो. ‘देऊ शकतो’ हे शब्द नीट वाचा. दिलीच पाहिजे, असे तेथे नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड आहे. वृद्धाश्रमाच्या चालकाने आत घडलेली घटना कळवावी असे कलम मात्र नाही. सक्ती करणे आपल्याला माहीतच नाही, असे कोणी म्हणू नये. बालकांच्या लैंगिक शोषणाविषयीच्या २०१२ च्या कायद्यात गुन्हा कळवणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अपंगांच्या संस्थेला राज्य सरकारकडून नोंदणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, व ते देताना सरकारला नियमांनी अटी घालता येतात. घटना २४ तासांत कळवण्याची अट त्याच नियमांत बसवता येईल. त्याच कागदावर, रात्रपाळीला किती खाटांमागे किती माणसे, हा आकडाही लिहिला पाहिजे.