संशयी धर्मगुरूची सहल

धर्मगुरूच्या मनातील संशय हा विषय निघाला, की आपल्या वर्तुळात बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक शोकाचा, दुसरा निंदेचा. इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘मॉन्सिन्योर किहोते’ या १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत तिसरा सूर आहे, तो हास्याचा. म्हणूनच ती आमच्या वाचकांनी अवश्य वाचावी, असे आम्हांस वाटते. ग्रीन यांनी १९२६ साली कॅथलिक पंथ स्वीकारला. परंतु श्रद्धेशी चाललेला त्यांचा झगडा पुढे कधी थांबला नाही. लिओपोल्दो दुरान या स्पॅनिश धर्मगुरुमित्रासह ते उन्हाळ्यात स्पेनमध्ये मोटारीने हिंडत असत. कादंबरीतील रस्ते, द्राक्षमद्य आणि वाद हे सारे त्या प्रवासांचे धन आहे.

एल तोबोसो गावचे फादर किहोते स्वतःस सर्व्हान्टिसच्या डॉन किहोतेचे वंशज मानतात. जणू तो वीर कल्पनेतला नसून हाडामांसाचाच होता! एका परदेशी बिशपांची मोटार गावाजवळ अडते. फादर त्यांना जेवू घालतात व मोटारही चालू करून देतात. पानातले मांस घोड्याचे होते आणि मोटारीतले केवळ पेट्रोल संपले होते, याचा पाहुण्यांना पत्ताच लागत नाही. कृतज्ञ पाहुण्यांच्या कृपेने फादरना मॉन्सिन्योर ही पदवी मिळते, आणि त्यांच्या स्वतःच्या बिशपांचा रोषही. मग निवडणुकीत पराभूत झालेले गावचे कम्युनिस्ट महापौर ‘सांचो’ यांना सोबत घेऊन ते रोसिनान्ते नावाच्या आपल्या जुनाट मोटारीतून सहलीस निघतात.

वाटेत सांचोला त्रैक्याचे रहस्य समजावून देण्यासाठी फादर द्राक्षमद्याच्या बाटल्यांचा आधार घेतात. दोन भरल्या बाटल्या पिता व पुत्र, अर्धी बाटली पवित्र आत्मा. तिन्हींत एकच मद्य. दृष्टान्त साधला असे वाटते न वाटते, तोच फादर हादरतात. पवित्र आत्म्याला अर्ध्या मापाचे ठरविणे हे पाखंड नव्हे काय? त्यावर सांचो उपाय काढतो, तिसरीही पूर्ण बाटली फोडू. त्रैक्य शिकविताना पाणी, बर्फ व वाफ यांचा दाखला ज्याने कधीच दिला नाही, अशा धर्मशिक्षकानेच येथे हसू आवरावे. (त्या दाखल्यातही दुसरे एक जुने पाखंड दडलेले आहे, हे आपण सहसा विसरतो.)

परंतु कादंबरीचा गाभा एका स्वप्नात आहे. फादरना दिसते की देवदूतांनी ख्रिस्ताला वधस्तंभावरून सोडविले आहे. शिपाई गुडघे टेकतात, नगर लोटते, माता आनंदाने रडते. मरण नाही, रिकामी कबर नाही. तो देवपुत्र आहे याविषयी जगात कोणालाच शंका उरलेली नाही. या विजयाने फादर हर्षित होत नाहीत. ते भयाने गारठून जागे होतात. जेथे सर्वच सिद्ध झाले तेथे विश्वासाला करण्यासारखे काय उरले? असल्या खात्रीपासून आपल्याला वाचव, अशी ते प्रार्थना करतात, आणि शेजारी कूस बदलणाऱ्या कम्युनिस्ट मित्रालाही तीत सामील करून घेतात. संशय त्यांना प्रार्थनेपासून दूर नेत नाही. तो प्रार्थनेच्या आतच वस्तीला आला आहे.

येथे मिगेल द उनामुनो यांची आठवण अपरिहार्य आहे. दोघे प्रवासी सालामांका येथे त्यांच्या कबरीपाशी थांबतात, हे सहेतुक असावे. उनामुनो यांच्या १९३१ मधील कथेतील डॉन मॅन्युएल हा धर्मगुरू मरणोत्तर जीवनावर विश्वास ठेवू शकत नाही. विश्वासांगीकाराच्या अखेरच्या कलमाशी त्याचा आवाज मुका होतो. लोकांचे समाधान ढळू नये म्हणून तो हे दुःख अगदी मोजक्यांखेरीज सर्वांपासून लपवितो. फादर किहोतेंना मात्र बोलावयास माणूस मिळाला, तोही नास्तिक. आपल्या धर्मबंधूंपैकी किती जणांना असा सोबती लाभतो?

ग्रीन यांचे सर्वच चित्रण आम्हांस मान्य नाही. अधिकारी धर्मगुरू फारच एकसुरी उतरले आहेत. त्यांना एखादा तरी संशय देता आला असता. परंतु गालिसियातील प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. मरियेच्या मूर्तीला नोटा टाचून काढलेली मिरवणूक पाहून फादरचा संताप अनावर होतो व ते ती अडवितात. बिशपांनी त्यांचे अधिकार आधीच काढून घेतले आहेत. स्वतःच्या विश्वासाची ज्यांना शाश्वती नाही, तेच तिच्या सन्मानासाठी मार खातात.

पोलिसांच्या पाठलागात मोटार ओसेरा येथील मठाच्या भिंतीवर आदळते. त्या रात्री जखमी फादर ग्लानीतच उठून मठाच्या मंदिरात जातात आणि मिस्सा अर्पण करू लागतात. वेदीवर भाकर नाही, प्याला नाही. रिकाम्या बोटांनी ते सांचोला ख्रिस्तप्रसाद देतात. तो गुडघे टेकून तोंड उघडतो, आणि फादर त्याच्याच मिठीत प्राण सोडतात. भाकर व द्राक्षरस यांवाचून मिस्सा वैध होत नाही, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, आणि त्याचे उत्तर बरोबरच असेल. तेथे हजर असलेला प्राध्यापकही तेच म्हणतो. त्यावर मठातील वृद्ध फादर लिओपोल्दो त्याला उलट विचारतात, द्राक्षरसाचे रक्त होऊ शकते असे मानणाऱ्याने, रिकाम्या हवेचा द्राक्षरस होणे त्याहून अवघड, असे कशाच्या बळावर ठरवावे? प्राध्यापकाजवळ उत्तर नसते. सांचो मात्र तेथे ख्रिस्तप्रसाद नव्हताच असे मानणे पसंत करतो. मित्राच्या बोटांचा स्पर्श अजून त्याच्या जिभेवर आहे.