पित्ताशयांतील खडे : शस्त्रक्रिया केव्हां करावी?

मराठी घरांत ‘पित्त’ हा शब्द फार सैलपणें वापरला जातो. छातींत जळजळलें, आंबट ढेंकर आली किंवा डोकें दुखूं लागलें, कीं ‘पित्त झालें’ असें म्हणून कोकमाचें सार, आवळा किंवा सोडा घेऊन मनुष्य स्वस्थ पडतो. हा सारा जठरांतील आम्लाचा प्रताप असतो. यकृतांत तयार होणाऱ्या खऱ्या पित्ताशीं त्याचा फारसा संबंध नसतो. पण या एका शब्दामुळें मोठा घोटाळा होतो. पित्ताशयांतील खड्यांची कळ महिनेच्या महिने ‘पित्ताचा त्रास’ म्हणून घरच्या घरीं सोसली जाते. उलट, दुसऱ्याच कारणासाठीं केलेल्या सोनोग्राफींत खडे दिसले, कीं कसलाही त्रास नसलेला मनुष्य घाबरून शस्त्रक्रियेची चौकशी करूं लागतो. एक उशीर करतो, दुसरा घाई करतो. यांतला योग्य मार्ग कोणता, हें समजून घेण्यासारखें आहे.

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली लहानशी पिशवी. यकृतांत दिवसाकाठीं सुमारें अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतें. त्यांतील कांहीं भाग या पिशवींत सांठून दाट होतो, आणि तुपातेलाचें अन्न आंतड्यांत उतरलें म्हणजे पिशवी आकुंचन पावून तो आंतड्यांत सोडते. पित्तांत कोलेस्टेरॉल विरघळलेलें असतें. त्याचें प्रमाण वाढलें, किंवा पिशवी पुरती रिकामी होईनाशी झाली, कीं त्याचे स्फटिक जमतात व पुढें खडे होतात. स्त्रियांत, उतार वयांत, गरोदरपणीं, स्थूल प्रकृतींत आणि झपाट्यानें वजन उतरविणाऱ्यांत ते अधिक आढळतात. तांबड्या रक्तपेशी लवकर फुटण्याच्या रोगांत काळे, रंगद्रव्याचे खडे होतात. विदर्भांतील आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल रोग हें त्याचें जवळचें उदाहरण होय.

पहिली गोष्ट ही कीं, खडे असणें आणि खड्यांचा रोग असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. पुष्कळांचे खडे जन्मभर मूक राहतात. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या अध्यापकवर्गापैकीं मूक खडे असलेल्या १२३ जणांची पाहणी ग्रेसी व रॅन्सोहॉफ यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केली. तींत पहिल्या पांच वर्षांत कळ उठण्याचा संभव शेंकडा १० आणि वीस वर्षांअखेर शेंकडा १८ निघाला. म्हणजे बहुतेकांना कांहींच झालें नाहीं. म्हणून त्रास नसतांना केवळ सोनोग्राफीच्या कागदावरून सहसा शस्त्रक्रिया करीत नाहींत. याला कांहीं अपवाद आहेत. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, पित्ताशयाच्या भिंतींत चुना सांठला असेल, आंत मोठा कोंब वाढला असेल, किंवा रोग्यास सिकलसेलसारखा विकार असेल, तर त्रास नसला तरी तज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा.

खडे बोलूं लागले म्हणजे मात्र हिशेब बदलतो. ही कळ बहुधा जड जेवणानंतर, पुष्कळदां रात्रीं येते. ती पोटाच्या वरच्या भागीं, मध्यावर किंवा उजव्या बरगडीखालीं उठते आणि पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाते. अर्ध्या तासापासून कांहीं तासांपर्यंत ती टिकते व मग ओसरते. ओसरली म्हणून रोग गेला असें नव्हे; एकदां आलेली कळ बहुधा पुन्हां येते. खडा तोंडाशीं अडकून बसला तर पित्ताशयाचा दाह होतो. पित्तनलिकेंत उतरला तर कावीळ होते. स्वादुपिंडास सूज आली तर जिवावर बेतूं शकतें. कळ थांबत नाहीं, थंडी वाजून ताप येतो, किंवा डोळे पिवळे दिसतात, अशा वेळीं सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. उलट, नुसतें पोट फुगणें, ढेंकर व जळजळ हीं खड्यांचीं लक्षणें नव्हेत. तेवढ्यासाठीं पित्ताशय काढलें, तर तक्रार जशीच्या तशी राहण्याचा संभव असतो.

औषधानें खडे विरघळत नाहींत का? मुतखड्यावर कुळथाचें कढण सांगण्याची वहिवाट आहे. पण मुतखडा वेगळा, पित्ताचा खडा वेगळा. ऑलिव्ह तेल व लिंबाचा रस पिऊन हिरवट गोळे पडल्याच्या हकीगती ऐकूं येतात. असे गोळे तपासून पाहतां ते स्निग्धाम्लांचे, म्हणजे पोटांतच बनलेल्या साबणासारखे निघाले, असें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत २००५ सालीं प्रसिद्ध झालें. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लानें कोलेस्टेरॉलचे बारीक खडे विरघळतात खरे; पण त्यास कित्येक महिने लागतात आणि औषध थांबल्यावर पुष्कळांना ते पुन्हां होतात.

खडे तयार करणारी पिशवीच काढली पाहिजे, हा विचार कार्ल लांगेनबुख यांनीं १८८२ सालीं बर्लिन येथें प्रथम कृतींत आणला. पुढें शंभर वर्षें पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. १९८५ सालीं जर्मनींत एरिक म्यूहे यांनीं दुर्बिणीच्या साह्यानें ही शस्त्रक्रिया केली, आणि १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमतन उडवाडिया यांनीं ती भारतांत आणली. तींत बहुधा चार लहान छिद्रें पुरतात व बहुतेक रोगी दोनएक दिवसांत घरीं जातात. पित्ताशय गेलें तरी यकृत पित्त करीतच असतें. तें सरळ आंतड्यांत झिरपतें आणि अन्न पचतें. कांहींना मात्र शौचास पातळ होण्याचा त्रास होतो. शस्त्रक्रियेंत क्वचित्, हजारांत सुमारें तीन ते पांच जणांच्या, पित्तनलिकेला इजा होते. हा धोका लहान असला तरी गंभीर आहे. म्हणून ज्याला कळच नाहीं त्यानें तो विनाकारण पत्करूं नये. आणि ज्याला वारंवार कळा येतात त्यानें त्याचाच बाऊ करून दाह होईपर्यंत थांबूं नये. सुजलेल्या पित्ताशयावरील शस्त्रक्रिया अधिक अवघड होते.

निर्णयापूर्वीं रोग्यानें व घरच्यांनीं शस्त्रवैद्याला चार प्रश्न विचारावे. हें दुखणें खड्यांचेंच आहे हें कशावरून? पित्तनलिकेंत खडा आहे काय? थांबल्यास काय होईल? मधुमेह, हृदयविकार किंवा वय यांमुळें धोका किती वाढतो? तोंवर कळा केव्हां आल्या, किती वेळ टिकल्या व त्याआधीं काय खाल्लें होतें, याची टिपणवही ठेवावी. नुसत्या ‘पित्त होतें’ या तक्रारीपेक्षां ती वही वैद्याला पुष्कळ अधिक सांगेल.