पत एकच, गुण निरनिराळे

घरासाठी कर्ज मागणाऱ्या शिक्षकाची अथवा कारकुनाची पत पूर्वी बँकेचा शाखाव्यवस्थापक जोखीत असे. आज ते काम मुख्यतः एक तीन आकडी गुणांक करतो. कर्ज मिळेल की नाही आणि व्याजाचा दर काय, हे पुष्कळ बँकांत या आकड्यावर ठरते. २५ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी घ्यावे लागले, तर सुमारे १ लाख ९० हजार रुपये अधिक भरावे लागतात. अशा वेळी एकाच माणसाची पत दोन कंपन्यांनी निरनिराळी सांगितली, तर त्याने गोंधळून जावे हे साहजिकच आहे.

या मतभेदाचे पहिले कारण माहितीतच आहे. भारतात सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. २००५ च्या कायद्याने प्रत्येक धनकोला यांपैकी किमान एका कंपनीचे सभासद होणे बंधनकारक केले. चारही कंपन्यांचे सभासदत्व घेण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१५ साली दिला. माहिती पूर्वी महिन्यातून एकदा पाठविली जाई. १ जानेवारी २०२५ पासून ती किमान पंधरवड्याला पाठविणे आवश्यक झाले. तरीही एका कंपनीच्या दप्तरी कर्ज फिटल्याची नोंद झालेली असते आणि दुसरीकडे तेच कर्ज थकलेले दिसते, असे घडू शकते. परीक्षकाच्या हाती उत्तरपत्रिकेची सर्व पाने पोहोचली नाहीत, तर गुण कमी पडणारच.

परंतु सर्व पाने पोहोचली तरी परीक्षक निरनिराळे असतात. गुणांकाची ही पद्धत ज्या अमेरिकेत रुजली, तेथे हे अधिक स्पष्ट दिसते. तेथील ‘फायको’ हा सर्वसाधारण गुणांक १९८९ साली आला. २००६ साली तीन पतमाहिती कंपन्यांनी मिळून ‘व्हँटेजस्कोअर’ काढला. फायको हप्ते वेळेवर फेडण्याला सुमारे ३५ टक्के आणि देणे असलेल्या रकमांना ३० टक्के महत्त्व देतो. त्याला गुणांक देण्यासाठी किमान सहा महिन्यांचा इतिहास लागतो. व्हँटेजस्कोअरला एका महिन्याचाही पुरतो. म्हणजे नुकताच नोकरीला लागलेला तरुण एका पद्धतीत पतवान ठरतो, तर दुसरीत त्याचे अस्तित्वच नसते. एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांतही एकवाक्यता नाही: वसुलीसाठी गेलेले पण पुढे फेडलेले देणे जुन्या फायकोत डाग म्हणून मोजले जाई; २०१४ च्या आवृत्तीने ते वगळले.

भारतात चारही कंपन्यांची मोजपट्टी ३०० ते ९०० अशी असली, तरी पट्टी सारखी म्हणून माप सारखे, असे मानता येत नाही. प्रत्येकीचे सूत्र स्वतंत्र आहे आणि ते बव्हंशी गुप्त आहे. वस्तुतः गुणांक म्हणजे माणसाच्या सचोटीचे मोजमाप नव्हे. त्याच्यासारखा व्यवहार असलेल्या ऋणकोंपैकी किती जण कर्ज थकवतील, याविषयीचा तो अंदाज आहे. अंदाजांत मतभेद असणे गैर नाही. गैर आहे ते एका अंदाजाला अंतिम निकाल मानणे.

म्हणूनच ऋणकोने आकड्यापेक्षा त्यामागील अहवालाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची सोय २०१७ पासून आहे. कर्ज मागणाऱ्यास बँकेने मिळविलेल्या माहितीची प्रत मागण्याचा आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा अधिकार २००५ च्या कायद्यानेच दिला आहे. मात्र सारा भार ऋणकोवर टाकून चालणार नाही. अर्ज नाकारताना तो कोणत्या कंपनीच्या, कोणत्या तारखेच्या अहवालावरून आणि कोणत्या नोंदीमुळे नाकारला, हे बँकेने लेखी सांगावे. नापास झालेल्या विद्यार्थ्याला विषय तरी कळतो. पत नाकारलेल्या नागरिकाला तेवढेही कळू नये, हे न्यायाला धरून नाही.