तुरीच्या मुळांतील पाहुणे

आमच्या अल्लीपूरच्या काळ्या शेतांत कपाशीच्या ओळींमधून तुरीचीहि ओळ पेरतात. ही रीत केवळ डाळीसाठींच आहे, असें कोणी समजूं नये.

सर्व हिरव्या वनस्पती हवेंतील कर्बवायु व जमिनींतील पाणी घेऊन सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें पानांत साखर तयार करतात. परंतु शरीर वाढविणाऱ्या प्रथिनांकरितां नत्रहि लागतो. हवेंत शेंकडा ७८ भाग नत्र असूनहि कपाशीला तो घेतां येत नाहीं; तिला मातींतील नत्रावरच राहावें लागतें.

तुरीची गोष्ट निराळी. तिच्या मुळांवरील बारीक गांठींत सूक्ष्म जंतु राहतात. तूर त्यांना साखर देते, व ते हवेंतील नत्र तिला पचेल असा करून देतात. जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल व विल्फार्थ यांनीं १८८८ सालीं वाटाण्यासारख्या पिकांवरील प्रयोगांनीं हें दाखवून दिलें.

तोच नत्र डाळींतून आपल्या व कुटारांतून बैलांच्या शरीरांत जातो. गळलेला पाला, मुळें व शेण कुजून मातीसहि मिळतो. पाला जाळला, तर तो धुराबरोबर उडून जातो. म्हणून पाला जाळणारा आपल्या पुढील पिकाच्याच तोंडचा घास जाळीत असतो, हें आपण विसरूं नये.